गॅसवरील ब्रूइंग केटल : तापण्याच्या तक्रारी आणि त्यांचा माग

हे परीक्षण गॅसवर चालणाऱ्या १५० लिटर क्षमतेच्या ब्रूइंग केटलचे, म्हणजे बिअर बनवताना माल्टचा अर्क उकळण्याच्या भांड्याचे आहे. जाड तळाचे स्टेनलेस स्टीलचे भांडे, त्याखाली २० किलोवॅटचा बर्नर, बर्नरभोवती पत्र्याचा घेर, पायलट ज्योत (मुख्य बर्नर पेटवणारी लहान ज्योत) आणि थर्मोकपल (ज्योतीच्या उष्णतेवर अल्प वीज निर्माण करणारा भाग) असलेला सुरक्षा व्हॉल्व्ह आणि मुख्य बर्नर चालू-बंद करणारा तापमान-कंट्रोलर, अशी तिची रचना आहे. याच रचनेच्या केटल अनेक निर्माते बनवतात, त्यामुळे एखाद्या निर्मात्याचे नाव घेण्यापेक्षा रचनेबद्दल बोलणे अधिक उपयोगाचे आहे. भांड्याची झिलई, वेल्डिंगची सफाई आणि तोटीची जागा यांवर परीक्षणांमधून भरपूर लिहिले जाते, आणि या केटलमध्ये त्या सर्व गोष्टी उत्तम आहेत. परंतु अशा उपकरणाची खरी परीक्षा ते नीट तापेनासे झाले की होते. त्या वेळी दोष कुठे आहे हे वापरणाऱ्याला स्वतः शोधता येते, की प्रत्येक वेळी तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागते, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. या कसोटीला ही केटल बऱ्याच अंशी उतरते. जिथे कमी पडते तिथे दोष माहितीपुस्तिकेचा आणि दोन-तीन लहान भागांच्या जागेचा आहे.

उकळी मंदावली म्हणजे केवळ काम लांबते, असे मानणे बरोबर नाही. माल्टच्या गोड अर्कात, म्हणजे वर्टमध्ये, एस-मिथाइल मेथिओनिन नावाचे द्रव्य असते आणि तापल्यावर त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटते. त्याचा वास शिजवलेल्या मक्यासारखा असतो. स्वतः डायमिथाइल सल्फाइड ३७ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने खळखळ उकळीत ते वाफेबरोबर निघून जाते, पण त्याआधी ते सुटावे लागते. १०० अंशांना मूळ द्रव्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४० मिनिटे लागतात आणि तापमान सुमारे ६ अंशांनी उतरले की हा काळ जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे वर्ट नुसते गरम आहे, वर बुडबुडे दिसत आहेत, पण खरा कढ आलेला नाही, अशा स्थितीत तास काढला तर तो वास बिअरमध्ये राहण्याची शक्यता मोठी असते. हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, अल्फा आम्लांचे कडवट रूपांतर आणि प्रथिनांचे गोळा होऊन खाली बसणे या दोन्ही गोष्टीही जोरदार उकळीवरच अवलंबून असतात. शिवाय १०० लिटर वर्टमधून तासाला ८ लिटर पाणी वाफेत घालवायचे तर त्यासाठीच सुमारे ५ किलोवॅट उष्णता अखंड भांड्यात जावी लागते. भिंतींवाटे आणि उघड्या तोंडावाटे होणारी हानी याहून वेगळी. आच थोडीशी कमी पडली तरी फरक थेट चवीत उतरतो, म्हणून या विषयाकडे मी इतक्या बारकाईने पाहतो.

केटलसोबत येणाऱ्या पुस्तिकेत बिघाडांसाठी एकच पान आहे. ‘बर्नर पेटत नसल्यास गॅस तपासावा’ आणि ‘तापमान वाढत नसल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा’ या धर्तीच्या सूचनांपलीकडे त्यात काही नाही. इतक्या काळजीने बनवलेल्या उपकरणाबरोबर इतकी अपुरी माहिती देणे मला योग्य वाटत नाही, कारण तापण्याच्या बहुतेक तक्रारी दोन साध्या मोजमापांनी अर्ध्याअधिक उलगडतात.

पहिले मोजमाप वेळेचे. केटलमध्ये १०० लिटर साधे पाणी घ्यावे, झाकण ठेवावे, पूर्ण ज्योत लावावी आणि पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर जायला किती वेळ लागतो ते पाहावे. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात, म्हणजे या कामाला एकूण सुमारे १२,६०० किलोज्यूल हवेत. खालून उघड्या असलेल्या अशा बर्नरची निम्मी उष्णता भांड्यात गेली तरी ते समाधानकारक मानावे; त्या हिशेबाने २० किलोवॅटच्या बर्नरवर हे काम २१ मिनिटांच्या आसपास व्हायला हवे. दुसरे मोजमाप वजनाचे. त्याच चाचणीच्या आधी आणि नंतर सिलिंडर काट्यावर ठेवावा. प्रोपेनच्या १ किलोतून साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, त्यामुळे २१ मिनिटांत पूर्ण जोराने जळणाऱ्या बर्नरने अर्ध्या किलोहून किंचित अधिक वायू वापरलेला असला पाहिजे. नळाने येणारा गॅस असेल तर वजनाऐवजी मीटरचे वाचन घ्यावे.

ही दोन मोजमापे शेजारी ठेवली की शोधाची दिशा ठरते. वेळ जास्त आणि दर मिनिटाला खर्च झालेला वायू कमी, असे दिसले तर बर्नरपर्यंत पुरेसा गॅस पोहोचतच नाही. वेळ जास्त पण गॅसचा खर्च हिशेबाप्रमाणे, असे दिसले तर वायू येतो आहे, मात्र त्याची उष्णता पाण्यात उतरत नाही. नवी केटल आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ही चाचणी करून आकडे लिहून ठेवावेत, कारण पुढे तक्रार उद्भवली की तुलनेला आधार तोच राहतो.

गॅस कमी पोहोचत असेल तर सुरुवात सिलिंडरपासून करावी. सिलिंडरातील द्रवाची वाफ होताना लागणारी उष्णता तो स्वतःच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतो. ताशी दीड किलोहून अधिक वायू खेचणारा बर्नर लहान सिलिंडरावर चालवला की सिलिंडर थंड पडत जातो, पत्र्यावर दव आणि पुढे हिम दिसू लागते, आतला दाब उतरतो आणि ज्योत हळूहळू बसत जाते. सुरुवातीची २० मिनिटे सर्व ठीक आणि मग आच मावळते, ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाची असते. सिलिंडर निम्म्याहून रिकामा असेल तर द्रवाला टेकलेला पत्रा कमी उरतो आणि अडचण लवकर येते. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते; त्यात ब्यूटेनचे प्रमाण अधिक असेल तर थंड हवेत ती आणखी वाढते, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्यूटेन जवळजवळ शून्य अंशाला. मोठा सिलिंडर घेणे किंवा योग्य जोडणीने दोन सिलिंडर एकत्र चालवणे हा यावरचा सरळ उपाय आहे. सिलिंडर आगीने तापवणे किंवा आडवा करणे अत्यंत धोक्याचे आहे. आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो आणि ज्योत अनावर होते.

सिलिंडर ठीक असेल तर रेग्युलेटरकडे वळावे. काही रेग्युलेटरांत अतिरिक्त प्रवाह रोखणारी सोय असते. सिलिंडरची तोटी झटक्याने उघडली की त्याला गळती झाल्याचा भास होतो आणि तो वायूची वाट जवळजवळ बंद करतो. अशा वेळी बर्नर पेटतो, पण ज्योत मिणमिणती राहते. सर्व तोट्या बंद करून थोडे थांबावे आणि सिलिंडरची तोटी अगदी सावकाश उघडावी. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

यापुढे दाब मोजावा लागतो, आणि इथे या केटलचे मला मनापासून कौतुक वाटते. तिच्या गॅस व्हॉल्व्हवर दाब मोजण्यासाठी छोटे तोंड दिलेले आहे आणि ते घेराच्या बाहेर, हात सहज पोहोचेल अशा जागी आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरले तरी पुरेसा अचूक दाबमापक तयार होतो, कारण १ मिलीबार म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. कमी दाबाच्या रेग्युलेटरवर एलपीजीचा दाब सामान्यतः २८ ते ३७ मिलीबार असतो. नळाच्या नैसर्गिक वायूचा दाब सुमारे २० मिलीबार असतो. दाब नेहमी बर्नर पूर्ण जोराने जळत असतानाच पाहावा. बर्नर बंद असताना ३७ मिलीबार दाखवणारी जोडणी बर्नर चालू होताच १५ वर आली, तर रेग्युलेटर अपुरा आहे, नळी अरुंद किंवा फार लांब आहे, किंवा वाटेत कुठेतरी कचरा अडकला आहे. दाब निम्मा झाला की वायूचा प्रवाह निम्मा होत नाही, साधारण ७१ टक्के उरतो. त्यामुळे दाबातला मोठा फरक ज्योतीत लहान दिसतो आणि नुसत्या नजरेवर विसंबून फसगत होते. पुस्तिकेत कामाच्या वेळचा अपेक्षित दाब दिलेला नाही. मोजण्याचे तोंड द्यायचे आणि मोजून काय मिळायला हवे ते सांगायचे नाही, ही विसंगती निर्मात्याने दूर करायलाच हवी.

दाब योग्य असूनही गॅसचा खर्च कमी असेल तर जेट, म्हणजे गॅस ज्यांच्या बारीक छिद्रातून बर्नरमध्ये सुटतो ते भाग, पाहावेत. बर्नरची थाळी दोन बोल्ट काढले की सरकवून बाहेर येते, ही रचना फार सोयीची आहे. जेटचे छिद्र लाकडी काडीने किंवा मऊ ब्रशने साफ करावे. तार किंवा ड्रिल घातल्यास छिद्र मोठे होते आणि ज्योतीचा हिशेब कायमचा बिघडतो. गॅसमध्ये हवा मिसळणाऱ्या व्हेंचुरी नळीत कोळ्याने जाळे केलेले असणे ही ऐकायला किरकोळ, पण प्रत्यक्षात वारंवार आढळणारी गोष्ट आहे, विशेषतः केटल काही महिने पडून असेल तेव्हा. जेटबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. नैसर्गिक वायूचे आणि प्रोपेनचे असे दोन्ही संच खोक्यात येतात, दिसायला सारखे असतात आणि त्यांच्यावरचा आकडा भिंगाशिवाय वाचता येत नाही. एकाच घनफळात प्रोपेन नैसर्गिक वायूच्या साधारण अडीच पट उष्णता देतो, म्हणून त्याचे छिद्र लहान असते. प्रोपेनचे जेट लावून नैसर्गिक वायू चालवला तर ज्योत अगदी अशक्त राहते आणि बाकी सर्व निर्दोष असूनही केटल तापत नाही. उलट नैसर्गिक वायूच्या जेटमधून प्रोपेन सोडला तर पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत उसळते. दोन संचांना वेगवेगळा रंग देणे हे निर्मात्यासाठी क्षुल्लक काम होते.

आता दुसरी बाजू, म्हणजे गॅस पुरेसा जळतो पण वर्ट तापत नाही. इथे प्रथम ज्योत पाहावी. निरोगी ज्योत निळी असते आणि तिच्यात आतला शंकू स्पष्ट दिसतो. पिवळी, आळसावलेली ज्योत हवा कमी पडत असल्याचे सांगते. बर्नरपासून सुटून वर उचललेली, फुरफुरणारी ज्योत हवा किंवा दाब जास्त असल्याचे. हवेचे प्रमाण ठरवणारी खिडकी या केटलमध्ये पत्र्याच्या घेराआड आहे, त्यामुळे ती फिरवण्यासाठी घेर काढावा लागतो, आणि घेर काढला की वाऱ्याची वाट बदलून ज्योतही बदलते. जी गोष्ट ज्योत पाहत जुळवायची, ती ज्योत जशी जळणार आहे त्या स्थितीत जुळवता येऊ नये, हा मला या केटलच्या रचनेतला सर्वांत मोठा दोष वाटतो. थोडे फिरवावे, घेर लावावा, ज्योत पाहावी आणि पुन्हा घेर काढावा, असे करत राहण्यावाचून पर्याय नाही.

बर्नर आणि तळ यांमधील अंतरही तपासावे. आतल्या निळ्या शंकूची टोके तळाला भिडत असतील तर थंड धातूला लागून ज्योत अर्धवट विझते, जळण अपुरे होते, तळावर काजळी साचते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काजळीचा थर उष्णतेला आडवा येतो, म्हणून तो घासून काढल्याशिवाय वेळ कमी होत नाही. अंतर फार असेल तर गरम वायू तळाला पुरेसे न लागता कडेने निसटतात. पंख्याचा झोत, वाहता वारा, किंवा खोलीतील हवा जोराने बाहेर ओढणारा एक्झॉस्ट यांनीही हेच होते.

तळाच्या आतल्या बाजूला साचणारा थर याहून फसवा असतो. वर्टमधील कॅल्शियम ऑक्सलेट आणि प्रथिने मिळून करड्या-पिवळसर रंगाचा खडबडीत थर धरतो, ज्याला ब्रूअर बिअरस्टोन म्हणतात. पाण्याने धुतल्यावर भांडे ओले असताना तो दिसत नाही. वाळल्यावर बोट फिरवले की कळतो. या थरामुळे उष्णता अडते आणि वर्ट तळाला लागण्याचीही भीती वाढते. आधी कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाने प्रथिने सोडवावीत, भरपूर पाण्याने धुवावे, आणि मग नायट्रिक व फॉस्फोरिक आम्लांच्या मिश्रणाने खनिज थर काढावा. ही दोन द्रावणे कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, आणि आम्लाजवळ क्लोरीनचे ब्लीच तर मुळीच आणू नये. काम करताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत.

काही वेळा उष्णतेची तक्रार मुळात मापाची असते. या केटलचा पीटी-१०० सेन्सर (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा तापमान-सेन्सर) आखूड आहे आणि भिंतीच्या अगदी जवळ बसवलेला आहे. घेरातून वर चढणारे गरम वायू त्याच ठिकाणी भिंतीला लागतात, त्यामुळे सेन्सर भांड्याच्या मधल्या भागापेक्षा जास्त तापमान दाखवतो, कंट्रोलर बर्नर लवकर बंद करतो आणि केटल तापतच नाही असे वाटते. वर्ट ढवळत मधोमध वेगळा तापमापक धरून दोन्ही वाचने ताडून पाहावीत. सेन्सर मल्टीमीटरवर तपासायचा तर बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम मिळायला हवेत. प्रत्येक अंशामागे फरक जेमतेम ०.३८५ ओहमचा असतो. म्हणजे जोडातील सैल स्क्रूने १ ओहम वाढवला की वाचन अडीच अंशांनी वर जाते. इथे सेन्सर दोन तारांचा आहे, तो तीन तारांचा असता तर तारांचा रोध हिशेबातून वगळता आला असता. लांब सेन्सर लावून घेणे ही या केटलमधली पहिली सुधारणा म्हणून मी सुचवेन.

उकळीच्या वेळची एक अडचणही याच प्रकारची आहे. कंट्रोलर १०० अंशांवर ठेवला की वर्ट उकळू लागताच बर्नर बंद होतो आणि खळखळ थांबते, कारण साखरेमुळे वर्ट १०० अंशांहून किंचित वरच उकळतो. समुद्रसपाटीपासून साधारण प्रत्येक ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू १ अंशाने घटतो, म्हणून १,५०० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. तिथे केटल १०० अंश कधीच दाखवणार नाही आणि त्यात तिचा काही दोष नाही. उकळीच्या टप्प्यासाठी कंट्रोलरवर वेगळी कळ आहे आणि ती दाबली की बर्नर अखंड चालतो. पुस्तिकेत तिचा उल्लेख एका ओळीत आहे. तो ठळक हवा होता.

पेटलेला बर्नर काही वेळाने विझत असेल तर संशय थर्मोकपलवर घ्यावा. पायलट ज्योतीने त्याच्या टोकाचा साधारण १ सेंटिमीटर भाग वेढलेला असावा, आणि व्हॉल्व्हपासून सोडवून मोजल्यास त्यातून सुमारे २० ते ३० मिलीव्होल्ट मिळावेत. बरेच कमी मिळत असतील तर टोक साफ करावे, तरीही न सुधारल्यास तो बदलावा. हा भाग सर्वत्र मिळणाऱ्या प्रकारचा आहे, ही जमेची बाजू. थर्मोकपलला बगल देऊन व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याचा विचारही करू नये, कारण ज्योत विझल्यावर गॅस कोंडू न देणारा पहारेकरी तोच आहे. व्हॉल्व्हच्या आतील भाग उघडण्याचे काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच. नळी किंवा जेटला हात लावल्यावर प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो हे ध्यानात ठेवावे, आणि बंदिस्त जागेत केटल चालवत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा.

ज्यांना आपले उपकरण समजून घेऊन वापरायचे आहे आणि महिन्यातून काही वेळा मोठी उकळी काढायची आहे, त्यांना मी ही केटल निःसंकोच सुचवेन. भांडे भक्कम आहे, बर्नर सहज बाहेर येतो, दाब मोजता येतो आणि झिजणारे बहुतेक भाग सामान्य प्रकारचे आहेत. अपवाद कंट्रोलरच्या सर्किट बोर्डाचा, तो फक्त निर्मात्याकडूनच मिळतो. मागणी नोंदवताना मात्र विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : बसवलेल्या जेटचा आकडा, तो कोणत्या वायूसाठी आहे, आणि बर्नर चालू असताना व्हॉल्व्हवर अपेक्षित असलेला दाब. हा कागद आचेपासून दूर, पण हाताशी जपून ठेवावा, कारण तंत्रज्ञ आला तरी तो आधी तेच विचारणार असतो.